दंतशिबिराचा पहिला मान

मनुष्याने पूर्वजांचा मान राखावा, हे सर्वस्वी उचित आहे. परंतु पूर्वजांकडून आलेला देह नीट राखणे हाही त्यांचाच मान होय, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. आपण देवापुढची समई चिंचेने घासून लख्ख करतो, अंगण शेणाने सारवतो, पितरांच्या तिथीला तांदूळ निवडून घेतो; आणि ज्या द्वारातून अन्न आत जाते व देवाचे नाव बाहेर येते, त्या मुखाचे बत्तीस रखवालदार एकामागून एक किडत असता, लवंगेच्या तेलाचा बोळा लावून स्वस्थ बसतो. अशा स्थितीत घराण्याचा मान मोठा की तोंडातला दात मोठा, असा प्रश्न अकस्मात समोर उभा राहिला, तर विद्वान मनुष्यही गांगरतो. कृष्णनाथ मास्तर गांगरले, यात म्हणून त्यांचा फारसा दोष नव्हता.

गोवा घटकराज्य होऊन वर्ष झाले होते, त्या सुमाराची ही हकीकत. डिचोली तालुक्यात पाळी गावाच्या पुढे, खनिजाच्या ट्रकांनी जिथे झाडांची पानेसुद्धा तांबडी करून ठेवली आहेत, अशा एका गावी कृष्णनाथ मास्तर सरकारी प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक होते. गावाचे नाव सांगत नाही. कारण या हकीकतीतील खटला अद्याप चालू आहे.

आरंभ झाला तो तिसरीतल्या दीपामुळे. दीपाचा बाप भैरू हा चंदगडाकडचा. खाणीवर ट्रक भरण्याच्या कामासाठी आलेला. पाढ्यांत या पोरीचा हात धरणारे शाळेत कोणी नव्हते. एकोणतिसाचा पाढा ती असा म्हणत असे, की ऐकणाऱ्याला तो सोपा वाटावा. अशी मुलगी त्या सोमवारी प्रार्थनेला ओठ मिटून उभी राहिली. डावा गाल सुजून आंब्यासारखा झाला होता. मास्तरांनी तिला खिडकीशी नेले, तोंड उघडायला लावले, आणि आत पाहून स्वतःचे तोंड मिटले. खालची एक दाढ काळी पडून तिचे नुसते कवच उरले होते.

"किती दिवस दुखते आहे?"

दीपाने चार बोटे वर केली. बोलणे तिला परवडत नव्हते.

मास्तर पद्धतशीर गृहस्थ होते. त्यांनी त्याच दिवशी विजेरी आणवून सगळ्या शाळेची तोंडे तपासली. शेचाळीस मुलांपैकी पस्तीस जणांच्या दातांना कीड निघाली. कारण शोधायला दूर जावे लागले नाही. ते शाळेच्या फाटकासमोरच होते. तिथे गोकुळदासाचे दुकान होते, आणि दुकानाच्या फळीवर पेपरमिंट, चिकट गोळ्या आणि गुळाच्या वड्या यांच्या बरण्या मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला बरोबर मांडलेल्या होत्या.

गोकुळदास हा मास्तरांचा चुलत भाऊबंद. दोघांचे आजे जुळे भाऊ होते. त्यांतला आधी कोण जन्मला, हे एकट्या सुईणीला ठाऊक होते. आणि ती माउली दोन्ही घरी जाऊन 'तुमचाच आधी' असे सांगून दोन्हीकडून लुगडे घेत निजधामाला गेली. थोरल्या पातीला, म्हणजे घराण्याच्या थोरल्या शाखेला, सातेरीच्या देवळात पहिला मान. त्यामुळे जत्रेच्या पालखीला पहिला खांदा कोणाचा आणि मानाचा नारळ कोणाच्या हाती, याचा दावा मामलेदाराच्या कचेरीत एकोणीस वर्षे पडून होता. निकाल लागेपर्यंत मामलेदाराने तोड काढली होती, की पुजाऱ्याने 'एक, दोन, तीन' म्हणावे आणि दोघांनी दोन दांडे एकाच क्षणी उचलावे. मास्तरांच्या वडिलांनी प्राण सोडताना गंगाजल घेण्यापूर्वी एवढेच म्हटले होते, "किट्टा, मान सोडू नको." अकरा वर्षांपूर्वी 'तीन' म्हणण्याआधीच कोणी दांडा उचलला, यावरून दोघांचे बोलणे बंद झाले, ते तसेच राहिले.

तेव्हा गोकुळदासाला बरण्या हलव असे सांगणे मास्तरांना शक्य नव्हते. त्यांनी सरकारला सांगायचे ठरवले. गावात दातांचे शिबिर आणायचे!

हा संकल्प त्यांनी रात्री जेवताना पत्नीला सांगितला. भाग्यलक्ष्मीबाईंनी शांतपणे विचारले, "आणि तुमच्या त्या उजव्या दाढेचं काय?"

मास्तरांचा घास थबकला. उजवीकडची खालची दाढ तीन वर्षे त्यांना छळत होती. ते डाव्या बाजूने जेवत, काजू नुसते चोखत, सकाळचा उंडो पाव चहात बुडवून मेणासारखा करून गिळत. आणि हे कोणाच्या लक्षात येत नाही, अशी त्यांची समजूत होती.

"ती दाढ सध्या शांत आहे," मास्तर म्हणाले.

"शांत कसली? काल झोपेत 'आई गे' कोण म्हणालं? माझी आई तर नव्हे!"

शेजारचे जयराम हे निवृत्त बसवाहक. भिंतीपलीकडून त्यांनी हे ऐकले आणि सकाळी सल्ला द्यायला आले. त्यांच्या सल्ल्यात अक्कलकाढा होता, मिश्री होती, पेरूच्या पाल्याच्या गुळण्या होत्या. आणि शेवटी एक गंभीर इशारा होता. "मास्तर, कितेंय करा, पण खालची दाढ काढू नका. तिची शीर डोळ्याक लागून आसा. आमच्या डेपोतल्या एकान दाढ काढली. म्हयन्यान चष्मो लागलो!"

चष्मा मास्तरांना वीस वर्षांपूर्वीच लागलेला होता, म्हणजे या शास्त्राप्रमाणे त्यांना आता भय उरले नव्हते. तरीपण तो इशारा त्यांच्या मनात खोल जाऊन बसला. दुसऱ्याच्या दाताविषयी मनुष्य शूर असतो. स्वतःच्या दाताची गोष्ट निघाली, की तो परंपरेचा आदर करू लागतो.

अर्ज लिहायला मास्तरांना दोन रात्री लागल्या. 'दंतक्षय हा बालकांच्या मुखी शिरलेला चोर असून' या वाक्याने आरंभ केलेला तो अर्ज शुद्ध मराठीत साडेतीन पाने होता. डिचोलीच्या कचेरीत पहिल्या कारकुनाने तो कोकणीत हवा म्हटले, दुसऱ्याने मराठी चालते पण इंग्रजी असता तर लवकर चालला असता असे सुचवले, आणि तिसऱ्याने कोणत्याही भाषेत न वाचता त्यावर शिक्का मारला. मास्तर त्या तिसऱ्याला मनोमन धन्यवाद देत परत आले.

तिसऱ्या आठवड्यात पत्र आले : 'आपल्या गावी शिबिर मंजूर. शुक्रवारी सकाळी नऊ वाजता अधिकारी येतील. सर्वांना दाव्यासह हजर ठेवावे.' 'दाव्यासह' या शब्दावर मास्तर थोडे अडखळले. आपला आणि गोकुळदासाचा दावा आरोग्य खात्यापर्यंत पोचला, याचे त्यांना आश्चर्य वाटले. परंतु गावकऱ्यांनी पत्राचा अर्थ अचूक लावला होता. शुक्रवारी मुलांना रांगेत उभे करून मास्तर अंगणात येतात, तो तिथे अकरा म्हशी, चार बैल आणि एक वळू, आपापल्या दाव्यांना बांधलेले. अर्ज पशुसंवर्धनाच्या फायलीत लागला होता. जीपमधून उतरलेले अधिकारी कर्तव्यदक्ष निघाले. अर्जात दातांचा उल्लेख आहे म्हणून त्यांनी प्रत्येक जनावराचे तोंड उघडून पाहिले, आणि अहवालात लिहिले : 'वरच्या जबड्यास पुढचे दात नाहीत. हे स्वाभाविक आहे.' पुढे महिनाभर गावात मास्तरांना पाहिले, की कोणीतरी म्हशीची चौकशी करी.

अपमान गिळायला दात लागत नाहीत. मास्तरांनी दुसरा अर्ज केला. या वेळी चार ओळींचा, आणि आरंभीच 'माणसांचे' हा शब्द घालून. तो मात्र योग्य टेबलावर गेला. उत्तरादाखल मांद्र्याच्या एक तरुण दंतवैद्य, डॉक्टर अमृता, स्वतः शाळेत येऊन भेटल्या. त्यांनी सरळ सांगितले, "सर, गाडी एकच आहे. पुढल्या शुक्रवारी सकाळी येईन. एक वाजता मला पेडण्याकडे निघावंच लागेल. एका दिवशी निदान तीस मुलं तपासली गेली, तरच गावाचं नाव सहामाही यादीत राहतं. नाहीतर गाडी दुसऱ्या गावाला जाते."

"शेचाळीस आहेत," मास्तर अभिमानाने म्हणाले.

दीपाची सूज मधल्या दिवसांत ओसरून पुन्हा आली होती; डॉक्टरांनी तिचे तोंड पाहून पू कमी होण्याचे औषध दिले. "हे तेवढ्यापुरतं. दाढ काढावीच लागेल. आठवड्यापलीकडे थांबू नका. जंतू आत उतरला तर खालचा पक्का दातही बिघडेल."

म्हणजे आता सारे त्या शुक्रवारावर येऊन ठेपले. आणि सार्वजनिक बांधकाम खात्याने, शाळेचे छप्पर गळते या चार वर्षांपूर्वीच्या अर्जाची दखल घेऊन, त्याच आठवड्यातल्या बुधवारी सगळी कौले उतरवून नेली.

उरली देवळाची अग्रशाळा, म्हणजे आवारातली धर्मशाळा. देवस्थान समितीचे अध्यक्ष मधुकरबाब हे पोर्तुगीज अमदानीत नोंदणी कचेरीत कारकून होते. राज्य गेले, पण कागदाचा वास त्यांच्या बोटांतून गेला नव्हता. त्यांनी मास्तरांचे म्हणणे डोळे मिटून ऐकले आणि म्हटले, "परवानगी आसा. पण एक अट. देवीच्या आवारात जें कितें जातलें, तें मानाच्या क्रमान जातलें. प्रसाद असूं, नारळ असूं, तीर्थ असूं. आधी मानकरी, मागीर बाकीचे."

"मधुकरबाब, हे दात काढणे आहे. प्रसाद नव्हे!"

"मास्तर, तुम्ही आज दात मानाशिवाय काढतलात. फाल्यां कोण नारळ मानाशिवाय घेतलो. मागीर मी कागद खंयचो दाखवूं?"

मास्तरांनी अट मान्य केली. आपण आणि गोकुळदास सोडून बाकीच्या मानकऱ्यांची नावे ते मनात मोजत होते. आपण स्वतः त्या यादीच्या अगदी डोक्यावर आहोत, हे दुपारी जेवायला बसल्यावर, डावीकडचा घास चुकून उजवीकडे गेला तेव्हा त्यांना कळले.

शुक्रवार उजाडला. अग्रशाळेच्या मधोमध डॉक्टरांनी आपले घडीचे कदेल, म्हणजे खुर्ची, मांडले. पाठीशी उशी, दोन्ही अंगांना हात, असे ते कदेल पाहून मागची मंडळी भिंतीला आणखी थोडी चिकटली. मेजावर चकचकीत हत्यारे फडक्यावर ओळीने ठेवली होती. मुले एका बाजूला बसली, बायका दुसऱ्या. दारापाशी भैरू दीपाला कडेवर घेऊन उभा होता; औषध संपल्याबरोबर सूज परत आली होती. देवळाचा ढोलकरी शंभू ढोल घेऊन कोपऱ्यात बसला होता; पहिला मान झाला, की ढोल वाजवायचा, हे त्याच्या घराण्याचे काम, आणि कसला मान हे विचारणे त्याच्या कामात बसत नव्हते.

"चला, पहिलं कोण?" डॉक्टर म्हणाल्या.

मधुकरबाबांनी घसा साफ केला. "पयलो मान."

मास्तर आणि गोकुळदास समोरासमोर बसले होते. गोकुळदास अंगाने दुप्पट. परंतु हत्यारांकडे पाहून तो त्या क्षणी निम्मा झाला होता. बरण्यांतला माल नीट आहे की नाही, याची खात्री तो तीस वर्षे स्वतःच्या तोंडाने करून घेत आला होता, आणि त्याचे फळ त्याच्या चार दाढांत होते.

दोघांचे बोलणे बंद असल्यामुळे सगळा संवाद मधुकरबाबांमार्फत चालला.

"मधुकरबाब," गोकुळदास अतिशय नम्रपणे म्हणाला, "मास्तराक सांगा, आज पयलो मान तेंचो. शिकलेलो माणूस. शिबिर तेंणीच हाडलें. माजें कांय म्हणणें ना."

एकोणीस वर्षांत हे वाक्य प्रथमच उच्चारले जात होते. बायकांच्या बाजूला कोणीतरी 'अगे बाई' म्हणाले.

मास्तरांचे औदार्यही त्याच क्षणी जागे झाले. "मधुकरबाब, त्याला सांगा, वयाने तो माझ्याहून चार महिने मोठा आहे. मी त्याच्यापुढे कसा बसू? शास्त्राला ते मान्य नाही."

"तेका सांगा, विद्येक वय नासता."

"त्याला सांगा, वयाला तोड नसते."

असे हे सौजन्य काही वेळ वाढत गेले. दोघेही एकमेकांना वर चढवत होते आणि दोघेही कदेलापासून थोडे थोडे मागे सरकत होते. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिले. साडेदहा वाजून गेले होते.

"आधी मुलांना घेते," त्या म्हणाल्या.

"तें जावचें ना," मधुकरबाब म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि ज्या गोष्टीची कोणी मागणी केली नव्हती, ते कायद्याचे मत दिले. "दोघांकय एक सांगून दवरतां. आज ज्यान दुसऱ्याक पयलें बसूं दिलें, तेणें साक्षीसमोर मान सोडलो. मामलेदाराकडे दाव्यात हें लागतलें. मी स्वतः लिहून दितलों."

त्यासरशी सौजन्य मावळले. दोघेही एकदम उठले. मास्तरांनी कदेलाचा उजवा हात धरला, गोकुळदासाने डावा.

"मधुकरबाब, त्याला सांगा, मान माझ्या पातीचा आहे!"

"तेका सांगा, माज्या आज्यान पयलो श्वास घेतलो तेन्ना हेचो आजो आवयच्या पोटांत निद्रा करतालो!"

"मग बसा ना!" डॉक्टर म्हणाल्या. "कोणीही बसा!"

बसले कोणीच नाही. मान दोघांनाही हवा होता, कदेल दोघांनाही नको होते. पालखीला दांडे दोन असतात, म्हणून मामलेदाराला तोड सुचली. कदेलाला बसायची जागा एकच. ते बिचारे दोघांच्या ओढाताणीत एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे कलत होते. मागून भाग्यलक्ष्मीबाईंचा आवाज आला, "बसायचं नसेल तर निदान सोडा तरी! सरकारी आहे, मोडेल!"

अकरा वाजले. साडेअकरा वाजले. कुठली तरी म्हातारी पानदान काढून बसली. मुले आधी भ्याली होती, ती आता कंटाळून भेंड्या खेळू लागली. डॉक्टरांनी एक एक हत्यार पुसून डब्यात ठेवायला आरंभ केला. तो चिमट्यांचा आवाज मास्तरांना स्पष्ट ऐकू आला. तीस मुले दीड तासात होण्याची आशा आता जेमतेम उरली होती.

इतक्यात दारातून भैरू पुढे आला. अग्रशाळेच्या रिवाजात आपण कुठेच बसत नाही, हे त्याला ठाऊक होते, म्हणून त्याने पायऱ्या चढताना चप्पल हातात घेतली होती.

"मास्तर, वाईच बोलू का? पोरगी सारी रात रडालीया. तुमचं मानाचं काय ते होऊ द्या की, आमी थांबतो. पर गाडी जायच्या आदी हिचं हुईल का, एवढं सांगा. नसंल तर म्या हिला घिऊन डिचोलीला चालत सुटतो. ट्रकवाला पोरीला धूळ लागंल म्हणून घेत न्हाई."

दीपा रडत नव्हती. बापाच्या खांद्यावर सुजलेला गाल टेकून ती मास्तरांकडे पाहत होती. त्यांच्या चेहऱ्याकडे नव्हे, कदेलाचा हात घट्ट धरलेल्या त्यांच्या बोटांकडे.

मास्तरांनीही आपल्या बोटांकडे पाहिले. आणि त्यांना वाटले, की ही बोटे आपली नसून कोणा दुसऱ्याची आहेत. फार जुन्या, फार हट्टी माणसाची. वडिलांचे शेवटचे शब्द कानात होते. त्या शब्दांना सोडावे, तर उद्या पितरांपुढे काय तोंड दाखवावे? परंतु त्या पोरीपुढे आज काय तोंड दाखवावे, हा प्रश्न अधिक जवळचा होता. ती सात हातांवर होती, पितर तितके जवळ नव्हते.

त्यांनी कदेल सोडले.

"मधुकरबाब," मास्तर म्हणाले, आणि मग थांबून ते अकरा वर्षांत प्रथमच सरळ गोकुळदासाकडे वळले. "गोकुळा, मान तुझा. तूच बस. मी साक्षीसमोर सांगतो. मधुकरबाब, लिहून घ्या, मी सही करतो."

गोकुळदास विजयी झाला. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते त्याला मिळाले, आणि पळून जायला कोणतेही कारण उरले नाही. त्याने एकदा दाराकडे पाहिले, एकदा देवीकडे पाहिले. मग एखादा मोठा वृक्ष कलंडावा तसा तो कदेलात बसला.

त्याचे अंग उशीला टेकते तोच शंभूने आपले कर्तव्य केले. धडाड् धडाड् करून ढोल वाजला. डॉक्टरांच्या हातातला आरसा खाली पडला, मुले किंचाळली, आणि पुजाऱ्याने सवयीने पुढे होऊन गोकुळदासाच्या हाती मानाचा नारळ दिला. नारळ उराशी धरून, डोळे गच्च मिटून, वाजंत्रीसह गोकुळदासाची दाढ निघाली.

"झालं," डॉक्टर म्हणाल्या. "बाकीच्या तीन अजून वाचवता येतील. गोड खाल्लंत तर जेवणाबरोबर खा. दिवसभर तोंडात गोळी ठेवू नका."

तोंडात कापूस असल्यामुळे गोकुळदास काहीच बोलू शकला नाही. लोक म्हणतात, त्या दुकानाच्या इतिहासातली ती सर्वांत शांत दुपार होती.

"दुसरो मान," मधुकरबाबांनी पुकारले.

मास्तर एक पाऊल मागे सरकले. दाढ ठणकू लागली, डोळ्याची शीर आठवली, आणि त्याच वेळी एक उत्तम विचार त्यांच्या मनात चमकला. "दुसरा मान माझा आहे ना? मग तो कोणाला द्यावा, हे माझ्या हाती. मी तो दीपाला देतो. भैरू, बसव तिला."

"दानधर्म चाललाय की भीती?" मागून भाग्यलक्ष्मीबाई म्हणाल्या.

खरे सांगायचे तर हे मास्तरांनाही ठाऊक नव्हते. चांगल्या कामाची मुळे खणून पाहू नयेत, असे जुने लोक म्हणत, ते उगीच नव्हे.

दीपा कदेलात बसली तेव्हा तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. डॉक्टरांनी तिला प्रत्येक हत्यार दाखवले. "हा आरसा. ही सुई, मुंगी चावल्यासारखी. मनात एक पाढा म्हण. म्हणून होईपर्यंत काम संपेल." दीपाने डोळे मिटले. तिचे ओठ उघडे होते, पण कपाळाच्या आठ्यांवरून पाढा कुठवर आला हे मास्तरांना समजत होते. मधेच एकदा तिचा हात उडाला, भैरूने तो धरला. रडण्याचा आवाज आला तो दीपाचा नव्हता, भैरूचा होता.

"दुधाचे दात पडणारच, मग काय करायचंय सांभाळून, असं म्हणू नका," डॉक्टर बायकांकडे वळून म्हणाल्या. "खालचा पक्का दात यांच्याच आधाराने वर येतो. सकाळी घासता तसेच रात्री निजण्यापूर्वी घासायला लावा, आणि दात घासल्यावर पाण्याशिवाय काही देऊ नका."

आता मास्तरांपाशी द्यायला कोणताही मान उरला नव्हता. आठ वर्षांची मुलगी हसत खाली उतरली होती आणि सगळी शाळा आपल्या मुख्याध्यापकाकडे पाहत होती. ते बसले. डॉक्टरांनी तोंडात पाहिले, भाग्यलक्ष्मीबाईंनी मागून दुखण्याची मुदत सांगितली, तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, तीन वर्षं? मुलांसाठी तुम्ही दोन दोन अर्ज केलेत, स्वतःसाठी एकही नाही."

मास्तरांना सुई टोचली गेली. त्यांनी डावा हात हवेत काहीतरी शोधत पसरला. तो हात कोणीतरी घट्ट धरला. हात मोठा होता, जाड होता, आणि त्याला गुळाचा वास होता. मास्तरांनी डोळे उघडले नाहीत. उघडले असते, तर मानपानाचा काहीतरी प्रश्न पुन्हा उभा राहिला असता. दाढ निघाली, आणि डोळ्याची शीर जिथल्या तिथे राहिली. पहिल्या मानाशिवाय ढोल नसतो, पण शंभूने तरीही एक ठोका दिला. तो का दिला, हे त्याला विचारले तर तो म्हणतो, "हात गेलो."

मग बाकीच्या मानकऱ्यांनी मास्तरांचेच पाहून आपापले मान मुलांना देऊन टाकले, आणि मुले बसली. आपल्या गुरुजींना आणि दुकानदाराला गालात कापूस कोंबून शेजारी शेजारी मुकाट बसलेले पाहिल्यावर भिण्यासारखे त्यांना काही उरलेच नव्हते. एक वाजता एकोणीस झाली होती. डॉक्टर अमृता यांनी घड्याळ काढून खिशात ठेवले आणि चालकाला सांगितले, की पेडण्याला फोन करा, उशीर होईल. अडीच वाजता शेचाळिसावे तोंड मिटले. गावाचे नाव यादीत राहिले.

गोकुळदासाने दुकानातून बरण्या हलवल्या नाहीत. तो व्यापारी होता, साधू नव्हे. मात्र त्या वरच्या फळीवर गेल्या, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला ब्रश आले, आणि गोळी मागणाऱ्याला 'रातीचे दात घासलेस?' असे विचारण्याची त्याला खोड लागली. हे विचारणे मुलांना शिक्षेसारखे वाटे, म्हणून बरीच मुले गोळी न घेताच परत फिरत.

फाल्गुनात जत्रा आली. पालखी सजली. मधुकरबाबांनी सही-शिक्क्याचा कागद काढून सर्वांसमक्ष वाचला, आणि गोकुळदासाला पुढे होण्याची खूण केली. गोकुळदास जागचा हलला नाही. तो मास्तरांकडे वळून, अधला मधला कोणी न घालता, मोठ्याने म्हणाला, "मास्तरा, तूच आधी उचल रे! पयल्या मानाचें माका पुरो जालें. गेल्या खेपेचो आजून दुखता!"

मंडपात हसू उसळले. मास्तर नको म्हणाले, गोकुळदास नको म्हणाला. पालखी थांबून राहिली, आणि शेवटी पुजाऱ्यालाच पुन्हा 'एक, दोन, तीन' म्हणावे लागले. खटला अजून चालू आहे तो यामुळेच. गेल्या तारखेला दोन्ही पक्षांनी लेखी सांगितले, की मान समोरच्याचा आहे. अशा दाव्याचा निकाल कोणत्या कलमाखाली द्यावा, हे मामलेदाराला अद्याप सापडलेले नाही.

दीपाला त्या जागी पक्की दाढ आली आहे. पांढरी, सरळ, निरोगी. तिची ती दाढ शंभर वर्षे राहो. भैरूच्या घामाला बरकत येवो, डॉक्टरबाईंचा हात हलका राहो, आणि ज्या दोघा भावांनी एकमेकांचा हात धरून तोंड उघडले, त्यांची उरलेली दंतपंक्ती आणि उरलेले आयुष्य सातेरी माउली सुखरूप राखो.